वॉचमन गेला, कॉक कोण फिरवणार?

दसरा झाला की बीडच्या अपार्टमेंटांमध्ये एकच ओरड सुरू होते. वॉचमन मिळत नाही. जालना रोड घ्या, नगर रोड घ्या, धानोरा रोड घ्या. चेअरमन मंडळी एकमेकांना फोन करतात, 'तुमच्याकडं एखादा आहे का?' कुणाकडंच नसतो. गेल्या वर्षीही नव्हता. असंच चाललं तर पुढच्या वर्षीही नसेल.

यात नवल कसलं? हा बीड जिल्हा आहे. दिवाळीच्या आगेमागे इथून लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. मुकादमाची उचल तोवर घरात खर्चही झालेली असते. आपल्या गेटवर बसणारा माणूस याच गावांतून आलेला आहे. बिल्डिंगच्या पगारात भागत नसेल तर तो कुठं जाणार, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

चेअरमनना ठाऊक नसावं?

मी भाड्यानं राहतो. भाडेकरूला बिल्डिंगमध्ये मत नसतं, पण डोळे असतात. बरेचसे फ्लॅटमालक पुण्यात, पोरांजवळ. बिल्डिंगमध्ये रोज राहतात ते भाडेकरू. झेडपीच्या शिक्षिका, बँकेत बदलून आलेले कॅशियर, दवाखान्यातल्या सिस्टर, पोरांच्या क्लाससाठी तालुक्याचं गाव सोडून आलेल्या आया. वॉचमन गेल्याचं यांना कुणी सांगावं लागत नाही. सकाळी नळ सोडला की कळतं.

पाण्याचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथं आहे. बीडला पाणी येतं माजलगाव धरणातून आणि बिंदुसरेतून. नळाला मात्र ते रोज येत नाही. मध्ये किती दिवस जातील याचा भरवसा नाही आणि आलं तर रात्री-अपरात्रीही येतं. अशा गावात वॉचमनचं खरं काम गेटवर नसतंच. पालिकेचा वॉलमन कोण, आज आपल्या भागाची पाळी आहे की हुकली, हे त्याला विचारायचं. नळ आला की हौदात सोडायचा. हौद भरत आला की मोटार. गच्चीवर टाक्या चार, पाइप आठ. कोणता कॉक पूर्ण उघडायचा आणि कोणता अर्धाच ठेवायचा, हे चुकलं की खालचे मजले धो-धो आणि वरचे कोरडे. बोअर उन्हाळ्यात किती वेळात दम टाकतो, व्होल्टेज कमी असलं की स्टार्टरला हात लावायचा नाही, टँकर आला तर पाइप कुठून ओढायचा. यातलं एक अक्षर कुठं लिहिलेलं नाही. सगळं एका माणसाच्या डोक्यात.

तो गेला की ते डोकंही गेलं.

आम्ही राहतो तिथं हेच झालं. जुन्या मामांनी पगार वाढवून मागितला. मीटिंग बसली, चहा झाला, वाढ नाकारली. मामा हात जोडून एवढंच म्हणाले, 'परवडंना साहेब. उचल घेतलीय, जावं लागंल.' नवा पोरगा आला. हौदात पाणी नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं मोटार सुरू केली आणि ती कोरडी चालून जळाली. रिवाइंडिंगचं बिल आलं, वर टँकरची बिलं आली. मामांनी मागितलेली वर्षभराची वाढ त्या बिलांपुढं फार नव्हती.

आणि ती बिलं भरली कुणी? मेंटेनन्स भरणाऱ्यांनी. त्यात निम्म्याहून जास्त भाडेकरू. वाढ नाकारताना त्यांना कुणी विचारलं होतं?

'माणसं टिकतच नाहीत हो,' हे वाक्य मी फार ऐकलंय. ते म्हणणाऱ्याला एकच विचारावं. त्याला आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी असते?

उत्तर मिळत नाही. कारण सुट्टी नसते. चोवीस तास तिथंच राहतो ना, मग सुट्टी कशाला, असा हिशेब असतो. जिन्याखालची खोली दिली म्हणजे रात्रही विकत घेतली. पहाटे मोटार, सकाळी जिना, घंटागाडी आली की कचरा, दुपारी कुरिअर, संध्याकाळी चेअरमनची गाडी पुसणं, रात्री उशिरा येणाऱ्याला गेट. लाइट गेली आणि लिफ्टमध्ये कुणी अडकलं की पुन्हा तोच. बारा तासांची ड्युटी म्हणतात, पण बारा कधी संपतात ते कुणी बघत नाही.

त्याच्या बायकोचं तर नावच नसतं कुठं. जिना ती झाडते. फरशी ती पुसते. तो गावी गेला तर मोटार तीच लावते. पगार एकाचा, काम दोघांचं. उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्या व्यवस्थेत अन्याय भरपूर आहे, पण बाईही राबते हे तिथं निदान मान्य आहे आणि टनाचा दर दोघांच्या कामावर पडतो. आपल्या टाइल्स लावलेल्या बिल्डिंगमध्ये तेवढंही मान्य नाही.

म्हणजे फड बिल्डिंगपेक्षा एका बाबतीत पुढं आहे. लाज वाटावी अशी ही गोष्ट आहे.

जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोड मजुरांच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. सहज झाली नाही. संघटना अडून बसल्या, साखर संघाबरोबर बैठका झाल्या, शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादापर्यंत गोष्ट गेली. तोडणी मजुराला निदान संघटना आहे, संप आहे, लवाद आहे. बिल्डिंगच्या वॉचमनला काय आहे? एका गेटवर एकच माणूस. तो संप कुणाबरोबर करणार?

तो फक्त सोडून जाऊ शकतो. म्हणून सोडून जातो.

पण एक गोष्ट चेअरमनच्या डोळ्यांआड राहते, ती मला सगळ्यात जास्त टोचते. बरीच कुटुंबं वॉचमनची नोकरी पगारासाठी धरत नाहीत. पोरांच्या शाळेसाठी धरतात. फडावर गेलं की पोरांची शाळा सुटते, हे त्या आईबापांनी स्वतःच्या अंगावर भोगलेलं असतं. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. त्याआधीपासून गावोगावी हंगामी वसतिगृहं आहेत. सरकारला हे करावं लागतं, कारण प्रश्न तेवढा मोठा आहे. जिन्याखालची एक खोली हे काम एका घरापुरतं गुपचूप करत असते. पोरगी पालिकेच्या शाळेत जाते, वर्ष पूर्ण करते, पुढच्या वर्गात जाते.

मग कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणतो, 'पाचशे रुपये कमी घेणारा मिळतोय, याला काढा.' एका ओळीच्या ठरावानं त्या पोरीची शाळा सुटते. ठरावात तिचा उल्लेख नसतो.

आता सेप्टिक टँक. हा विषय कुणाला आवडत नाही, म्हणूनच काढतो. टँक तुंबला की गाडी बोलवायला पैसे पडतात, आणि कुणीतरी वॉचमनलाच म्हणतो, 'झाकण काढून बघ जरा, काय अडकलंय.' बघ जरा? २०१३ चा कायदा आहे. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका खासगी सोसायटीच्या टँकमध्ये उतरलेले तीन कामगार मेले. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या विधवांना प्रत्येकी १० लाखांची भरपाई द्यायला लावली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूसाठी भरपाईची रक्कम ३० लाखांवर नेली.

गाडी बोलवा. बस्स.

भाडेकरू नवा आला की त्याचं आधार, फोटो, पोलीस पडताळणी, आधीच्या मालकाचा नंबर, सगळं मागतात. मागावंच. पण महिन्या-दोन महिन्यांनी बदलणाऱ्या वॉचमनची एक झेरॉक्स तरी कुणाकडं असते का? गच्चीची किल्ली त्याच्याकडं, पंपरूम त्याच्याकडं, दुपारी घरात एकट्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांचा भरवसा त्याच्यावर. त्याचं गाव कोणतं, हेही कमिटीला सांगता येत नाही. आणि सायकल चोरीला गेली की पहिला संशय कुणावर?

एजन्सीमार्फत गार्ड घेतला तर हे टळतं, असं काही जण म्हणतात. अर्धं खरं आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्यानं खासगी सुरक्षा एजन्सीला परवाना लागतो, गार्डची पडताळणी आणि प्रशिक्षण लागतं. तेव्हा एजन्सी घेताना परवाना बघा. आणि दुसरंही बघा: आपण एजन्सीला देतो त्यातले गार्डच्या हातात किती पडतात? बीडची किती तरी पोरं पुण्यात, चाकणला, हडपसरला गार्डच्या कपड्यात उभी आहेत. त्यांना विचारा. गावाकडं आल्यावर ती खरं सांगतात.

पोरगा पुण्यातल्या ज्या गेटवरून 'इथं माणसासारखं वागवत नाहीत' म्हणून परत येतो, तसंच गेट आपण बीडमध्ये उभं केलंय.

मग या सगळ्याला जबाबदार कोण? इथं आणखी एक गाठ लागते. बीडसारख्या शहरात कित्येक बिल्डिंगांना रीतसर मालकच नाही. म्हणजे फ्लॅटला आहे, बिल्डिंगला नाही. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर प्रकल्पाची रेरात नोंदणी लागत नाही. छोट्या शहरातल्या बऱ्याच इमारती याच मापात बसतात. सोसायटी स्थापन करून देणं ही बिल्डरची जबाबदारी आहे, हे १९६३ च्या मोफा कायद्यापासून लिहिलेलं आहे. किंवा १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली डिक्लेरेशन करून मालकांची संघटना करता येते. किती ठिकाणी झालंय? बिल्डर पुढच्या प्लॉटकडं गेला. मागं राहिली एक वही आणि ती वही सांभाळणारा एक गृहस्थ. त्यालाच सगळे चेअरमन म्हणतात. निवडणूक नाही, हिशेबतपासणी नाही, मुदत नाही.

नोंदलेल्या सोसायटीत कमिटीची मुदत पाच वर्षं असते. इथं वॉचमन वर्षात तीन बदलतात आणि वही एकाच घरात राहते.

वही सांभाळणाऱ्यावर माझा राग नाही, हेही सांगतो. फुकट काम करतो बिचारा, शिव्याही खातो. राग आहे तो वही कुणाला न दाखवण्यावर. टँकरला किती गेले, मोटारीला किती, वॉचमनला किती, हे मेंटेनन्स भरणाऱ्या प्रत्येकाला दिसायला हवं. जिन्यात एक कागद चिकटवायला काय लागतं?

आता भाडेकरूची बाजू. सोसायटी नोंदलेली असेल तर भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेता येतं. राज्य सरकारनं १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानं ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपुरतं बांधून टाकलं. मुंबई उच्च न्यायालयानं २००७ मध्ये तो आदेश उचलूनही धरला. ही रक्कम मालकानं द्यायची असते. प्रत्यक्षात? 'भाडेकरूंचा मेंटेनन्स वेगळा आहे,' एवढं ऐकवतात आणि भाडेकरू मुकाट्यानं देतो. घर शोधायचा कंटाळा पैशापेक्षा मोठा असतो.

करारही बघा. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा सांगतो की करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आपल्याकडं बाँड घेतला, नोटरी केली, झालं. आणि करार असतो लिव्ह अँड लायसन्सचा, अकरा महिन्यांचा. त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई या सोयी मालकानं तोडायच्या नाहीत असं लिहिलंय, पण ते संरक्षण आहे भाडेकरूला. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा त्या कायद्याच्या व्याख्येत भाडेकरू धरला जात नाही. मराठवाड्यात आधी १९५४ चा हैदराबादचा भाडेकायदा होता. तो गेला, नवा आला, आणि आज शहरातली मोठी भाड्यानं राहणारी जनता दोन्हींच्या बाहेर उभी आहे.

पैसे भरायला आत, बोलायला बाहेर. ही व्यवस्था किती दिवस चालवायची?

त्यात आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. ग्रुपमध्ये फक्त मालक. पुण्यात बाणेरला बसलेला मालक बीडमध्ये मोटार किती वाजता लावायची यावर मत देतो. त्याच्या घरी पाणी चोवीस तास असो वा नसो, बीडच्या हौदाशी त्याचा संबंध उरलेला नाही. ज्या बाई सकाळी सहाला बादल्या मांडून बसतात त्या ग्रुपमध्ये नाहीत. त्यांना घ्या. मत द्यायचं नसेल तर देऊ नका, पण पाणी कधी येतं हे तरी त्यांना विचारा. पाण्याबद्दल सगळ्यात नेमकं त्यांनाच माहीत असतं.

आणि भाडेकरूंनो, आपल्यालाही चार शब्द ऐकायला हवेत. 'मला काय, अकरा महिन्यांनी जायचंय,' म्हणत आपणही वॉचमनला अरे-तुरे करतो. पाणी आलं नाही की चेअरमनकडं जायची हिंमत होत नाही, म्हणून गेटवरच्या माणसावर आवाज चढवतो. त्याच्या हातात कॉक आहे, धरण नाही.

जो सगळ्यात कमी पगार घेतो त्यानंच सगळ्यांचा राग झेलायचा?

करायचं काय, हे काही अवघड नाही. बारा फ्लॅटांनी महिना २५० रुपये जास्त काढले तर वॉचमनच्या हातात ३,००० वाढतात. एका घराला दिवसाला आठ-साडेआठ रुपये पडतात. त्याच्या बायकोचं काम वेगळं धरा, तिचा पगार तिच्या हातात द्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या, त्या दिवशी मोटार आळीपाळीनं आपण लावू. मला चालेल, माझ्या शेजाऱ्यांनाही चालेल, मी विचारलंय. पंपरूमच्या भिंतीवर कोणता कॉक कुठला हे ऑइलपेंटनं मराठीत लिहून टाका. जाणाऱ्या वॉचमननं नव्याबरोबर चार दिवस राहावं आणि त्या दिवसांचा पगार दोघांना द्यावा. आजारपणाला, लग्नकार्याला हातउसने लागले तर कमिटीनं द्यावेत आणि पगारातून हळूहळू वळते करून घ्यावेत. मुकादम उचल देतो म्हणून माणूस मुकादमाचा होतो. बिल्डिंगनं वेळेला पैसे दिले, तेही कुणाला न बांधता, तर तो कशाला जाईल?

यातलं एकही काम कायदा बदलून व्हायचं नाही आणि एकालाही सरकारची वाट बघावी लागत नाही.

जिथं नोंदलेली सोसायटी आहे तिथं वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. जिथं नुसती वही आहे तिथंही तेव्हाच बसा. कारण त्यानंतर दसरा आहे, आणि दसऱ्याच्या आधीच मुकादम गावात फिरायला लागलेला असतो. रंगकाम, पार्किंगचे पट्टे, गणपतीची वर्गणी हे विषय खाली सरकवा. वॉचमनचा पगार पहिला घ्या. त्याला आणि त्याच्या बायकोला सभेत बसवा, त्यांचं म्हणणं त्यांच्या तोंडून ऐका. आणि नोटीस लावाल तेव्हा ती फक्त मालकांच्या ग्रुपवर टाकू नका. लिफ्टशेजारी चिकटवा. आम्ही येऊ.